वाचकांचे प्रश्न : आधी चामडं, मग मणी

गेल्या अंकात मण्यांच्या तोरणांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांतली आणि मेसेजमधली बरीचशी एकाच गोष्टीबद्दल आहेत, चामड्याचा बटवा हाताने शिवायचा आणि त्यावर मणी भरायचे, मशीन नको, ग्लू गन नको, जुन्या पद्धतीनेच. मला याचा मनापासून आनंद झालाय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी, आज सगळी जागा बटव्याला.

प्रश्न : मावशी, मी एमएस युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे. नवरात्रात गरब्याला जाताना मोबाईल, किल्ली, थोडे पैसे मावतील असा कमरेला अडकवायचा लेदरचा बटवा करायचाय, वर मण्यांचं डिझाईन. मणी मला येतात, ब्रेसलेट वगैरे केलेत, पण लेदर कधी हातात धरलेलं नाही. सुरुवात कुठून करू?
— कारेलीबाग, बडोदा

उत्तर : अगं, चामड्यापासून. मणी तुला येतात म्हणतेस म्हणजे बोटांना सवय आहे, ते होईल. पण कापडावर टाका चुकला तर उसवता येतो, चामड्यावर सुईचं भोक पडलं की ते कायमचं. म्हणून आधी दुकानातून कतरण आण, तिच्यावर नुसती भोकं पाड, दोरा ओढून बघ, किती ताणलं की फाटतं ते हाताला कळू दे. आठवडाभर एवढंच केलंस तरी चालेल.

मग माल. बटव्याला बकरीचं किंवा मेंढीचं मऊ चामडं घे, साधारण १ ते १.२ मिलिमीटर जाडीचं. सुएड मिळालं तर पहिल्या वेळी तेच घे, कारण त्याला वरचा गुळगुळीत कडक थर नसतो आणि सुई सहज जाते. मणी ११ नंबरचे काचेचे. यात नंबर जेवढा मोठा तेवढा मणी बारीक, ८ नंबरचा साधारण ३ मिलिमीटरचा, ११ चा साधारण २, आणि १५ नंबर अगदी मोहरीहून बारीक, त्याच्या नादाला आत्ता लागू नकोस. दोरा नायलॉनचा आणि त्याला मधमाशीचं मेण चोळून घ्यायचं, म्हणजे गुंता होत नाही आणि टाका जागच्या जागी बसतो.

माप सांगते. पुढचा तुकडा १२ बाय २० सेंटिमीटर, मागचा १२ बाय ३०, तो वरचा जास्तीचा भाग पुढे दुमडला की झाकण. पहिल्या बटव्याला मणी फक्त झाकणावर भर, सगळा पुढचा भाग भरायला जाऊ नकोस, नवरात्र येऊन जाईल. सहा बाय सहा सेंटिमीटरची जागा गच्च भरायला ११ नंबरचे साधारण १२०० मणी लागतात, म्हणजे १०-१२ ग्रॅम, पण तू २० ग्रॅम आण, कारण त्यातले वाकडे, जाड-बारीक मणी निवडून बाजूला काढायचेत. तांदूळ निवडतो तसे. हे निवडणं टाळलंस तर ओळी सरळ येणार नाहीत, मग कितीही चांगला टाका घाल.

आणि मणी शिवायच्या आधी भरायचे. बटवा शिवून झाल्यावर आत हात घालून सुई फिरवता येत नाही. कडेला चारही बाजूंनी १ सेंटिमीटर जागा रिकामी सोड, ती शिवणीला लागते.

आता टाक्याबद्दल, कारण खरी गोष्ट इथे आहे. दोन सुया, दोन दोरे. एका दोऱ्यात मणी ओवून ती माळ चामड्यावर रेघेवर ठेवायची आणि दुसऱ्या दोऱ्याने दर दोन किंवा तीन मण्यांनंतर त्या माळेवरून छोटा टाका घेऊन ती खाली बसवायची. फुलं, वेली, वळणं यांना हाच टाका. दुसरा प्रकार सरळ पट्ट्यांचा, एका वेळी सात-आठ मणी ओवायचे आणि फक्त पट्टीच्या दोन टोकांना टाका घ्यायचा, पुढची ओळ तिला चिकटून. भौमितिक डिझाईनला तो छान दिसतो, पण मणी जास्त झाले की ओळ कमानीसारखी उठते आणि मग बांगडीत, ओढणीत अडकते, म्हणून गरब्याच्या बटव्याला पहिलाच टाका घे.

दोन्हीत सुई चामड्याच्या आरपार न्यायची नाही. जाडीच्या मधूनच आडवी घालायची आणि वरच बाहेर काढायची, म्हणजे मागच्या बाजूला दोरा दिसतच नाही, आणि आतल्या वस्तूंनी घासून तो तुटतही नाही. जुन्या कामाची ओळख हीच, उलटं करून बघितलं तर मागची बाजू कोरी. चामडं पातळ निघालं आणि नाहीच जमलं तर आरपार घे आणि आतून सुती अस्तर लाव.

शेवटी शिवण. दोन्ही तुकडे जोडताना मधे चामड्याची एक बारीक पट्टी ठेव, तिने दोरा घासला जात नाही आणि कडही भरीव दिसते. जेवायच्या काट्याने कडेला दाब देत गेलीस की सारख्या अंतरावर खुणा मिळतात, त्यावर आरीने भोकं पाडायची. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जायचं, याने एखादा टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत, मशीनची शिवण मात्र एकदा सुटली की सुटत जाते. पट्ट्यात ओवायला मागे चामड्याची आडवी वादी, ती झाकण भरायच्याही आधी शिवून टाक.

प्रश्न : मंगळ बाजारात, इकडे-तिकडे सगळे 'प्युअर लेदर' म्हणून दाखवतात. खरं कसं ओळखायचं? आणि मणी धुतल्यावर रंग जातो, तो आधी कळतो का?
— मांजलपूर, बडोदा

उत्तर : कापलेली कड बघा, वरची बाजू नाही. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला खाली कापडाची वीण आणि वर प्लॅस्टिकचा सरळ थर दिसतो. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं कापलं की मधेही तपकिरी असतं, पाण्याचा थेंब टाकलात तर तो हळूहळू आत जिरतो आणि तिथे डाग गडद होतो. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असेल तर मधे बहुतेक निळसर-करडी झाक असते आणि थेंब बराच वेळ वरच राहतो. दोन्ही खरंच चामडं आहे बरं का, फक्त स्वभाव वेगळा, क्रोमचं मऊ आणि पाण्याला टिकणारं, सालीचं सुरुवातीला कडक पण वापरून वापरून मऊ होतं, रंगही खुलतो. क्रोमची पद्धत १८८४ च्या अमेरिकन पेटंटनंतर पसरली, तिने आठवड्यांचं काम दिवसावर आणलं म्हणून आज बाजारात बहुतेक तेच दिसतं.

मण्यांचं म्हणाल तर दोन-चार मणी पांढऱ्या कापडात गुंडाळून नेलपॉलिश रिमूव्हरने चोळा. कापडावर रंग उतरला तर ते वरून रंगवलेले, काचेत रंग नाही, ते घेऊ नका. घामाच्या वस्तूवर तर अजिबात नको.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नातू म्हणतो चामड्यावर मणी हे सगळं अमेरिकेतल्या रेड इंडियन लोकांचं, आपण उगाच नक्कल करतो. आपल्याकडे, निदान आपल्या बडोद्यात, असं काही होतं का?
— दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : काका, नातवाला सांगा की होतं, आणि असं होतं की जग बघत राहिलं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांनी १८६५ च्या सुमारास एक गालिचा करवून घेतला, 'पर्ल कार्पेट ऑफ बडोदा' म्हणून तो ओळखला जातो. त्याची जमीन रेशमाची आणि हरणाच्या तलम चामड्याची, आणि त्यावर लाखोंनी बसऱ्याचे बारीक मोती, त्यात नक्षीला रंगीत काचेचे मणी, शिवाय हिरे, माणकं, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करायला तो करवला होता असं सांगतात, पण महाराज १८७० मधे गेले आणि तो इथेच राहिला. १९०२-०३ मधे दिल्लीच्या प्रदर्शनात तो मांडला होता. पुढे २००९ मधे दोह्याच्या लिलावात त्याला साधारण ५५ लाख डॉलर आले. मला यात पैशापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते, की चामडं आणि बारीक मणी एकत्र कसे बसवायचे हे ज्यांना नीट माहीत होतं असे हात होते, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत आणि काम मात्र दीडशे वर्षं टिकलं.

राजवाड्याबाहेरही बघा. सौराष्ट्रात मोती-भरत म्हणजे मण्यांचं भरतकाम, तोरणं, भिंतीवर लावायचे चौकोनी चाकळे, डोक्यावरच्या घड्याखालची इंढोणी, बैलांची सजावट. त्यातले काचेचे मणी १९ व्या शतकात व्हेनिसच्या मुरानोहून झांजिबारमार्गे गुजराती व्यापाऱ्यांनी आणले. छोटा उदेपूरकडे राठवा बायकांच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा तुम्ही शनिवारच्या हाटात बघितल्या असतील. कच्छमधे मेघवाळ कारागिरांचं चामड्याचं काम. खंबातचे अकीकाचे मणी तर हडप्पा काळापासूनचे, लोथलला मणी घडवायची जागाच सापडलीय. आणि आपल्या मराठी घरांत चंची होती, बटवा होता, रुखवतात मण्यांनी मढवलेले नारळ होते. त्यामुळे नातू हे शिकायला बसला तर त्यात उसनं काही नाही.

प्रश्न : ताई, यूट्यूबवर पाहिलं की अमेरिकेतले मूळनिवासी लोक जनावराच्या मेंदूने कातडं कमावतात. हे खरं आहे? घरी करता येईल? आणि त्यांची 'मेडिसिन बॅग' मला इतकी आवडली की तशाच बनवून एक्झिबिशनमधे विकाव्यात असं वाटतंय.
— सुभानपुरा, बडोदा

उत्तर : खरं आहे. हरणाचं कातडं आतून खरवडून मांस-चरबी काढतात, बाहेरून केस आणि वरचा कडक थरही काढून टाकतात. मग मेंदू कोमट पाण्यात कालवून ते त्यात भिजवायचं, मेंदूतली चरबी आणि लेसिथिन तंतूंमधे शिरतं. त्यानंतरचं काम हाडं मोडणारं, कातडं पूर्ण सुकेपर्यंत सारखं ओढत, ताणत, घासत राहायचं, मधेच थांबलं की ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं. शेवटी कुजक्या लाकडाचा धूर देतात, ज्वाळा नाही, नुसता धूर, त्याने ते पक्कं होतं आणि पुढे भिजलं तरी पुन्हा मऊ वाळतं. वरचा थर काढलेला असल्यामुळे त्यात सुई लोण्यासारखी जाते, आणि म्हणूनच त्यांचं मण्यांचं काम त्या चामड्यावर इतकं सुंदर बसतं. फ्लॅटमधे हे करू नका, वास आणि घाण दोन्ही शेजाऱ्यांना सोसणार नाही, शिवाय कच्चं कातडं हाताळणं आरोग्यालाही बरं नाही. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यात कमावतात, कोल्हापूरकडे कातडं पिशवीसारखं शिवून त्यात ते सालीचं पाणी भरून टांगायची पद्धत आहे. तसं तयार चामडं मिळालं तर तेच घ्या.

मण्यांच्या आधी अमेरिकेतल्या मूळनिवासींकडे साळिंदराच्या जातीच्या प्राण्याचे काटे होते, भिजवून, चपटे करून, रंगवून चामड्यावर शिवायचे. युरोपचे व्यापारी काचेचे मणी घेऊन आले, आधी जाड, १८४० नंतर बारीक मणी भरपूर मिळायला लागले, आणि बायकांनी काट्यांच्या कामाची सगळी अक्कल मण्यांत आणली. चकमक ठेवायची पिशवी, आरीचं म्यान, सगळं कमरेला, मण्यांनी भरलेलं. त्यांच्यातल्या लाकोटा जमातीत बाळाची नाळ जपून ठेवायला कासवाच्या किंवा सरड्याच्या आकाराची छोटीशी मण्यांची पिशवी करतात. हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं, कारण घरातल्या बाळासाठी बाईने बसून केलेली ती गोष्ट आहे.

आणि म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. मेडिसिन बॅग म्हणजे औषधांची पिशवी नव्हे, ती त्यांच्यात पवित्र, खाजगी वस्तू आहे, एकेका माणसाची. आपल्या देव्हाऱ्यातला टाक कुणी की-चेन म्हणून विकला तर आपल्याला कसं वाटेल. टाका शिका, सुई धरायची पद्धत शिका, तंत्र कुणाचंही शिकता येतं. पण त्यांची चिन्हं आणि ते नाव लावून विकू नका. अमेरिकेत तर मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हाच आहे. तुमच्या झाकणावर कैरी काढा, कमळ काढा, ओसरीवरची ठिपक्यांची रांगोळी घ्या, ती तर मण्यांच्या चौकटीत आयती बसते.

प्रश्न : सासूबाईंचा जुना मण्यांचा बटवा आहे, मागे चामडं. मणी चिकट झालेत, पितळी मण्यांभोवती हिरवं काहीतरी आलंय. तेल लावून पुसू का?
— रावपुरा, बडोदा

उत्तर : तेल अजिबात नको, कृपा करून. ते हिरवं आलंय ते चामड्यातल्या चरबीनेच, तिच्यातलं आम्ल पितळेतल्या तांब्याला खातं. काचेचं पण तसंच, काही जुन्या मण्यांतला क्षार बाहेर येतो, चामड्यातल्या तेलाशी त्याचं जुळत नाही, मग मणी चिकट होतात, तडकतात. म्युझियममधे सुद्धा चामड्यावरच्या मण्यांना हा रोग होतो. पाणी, साबण, तेल, पॉलिश काही नको. मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका, हिरवं काडीच्या टोकाने अलगद उचला, आणि बिनरंगी सुती कापडात सैल गुंडाळून कपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. दोरा सुटत असेल तर ओढू नका, सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना नव्या बारीक दोऱ्याने दोन-दोन टाके घालून ती तिथेच थांबवा.

नवीन बटवा करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, चामड्याला तेल-मेण जे काय लावायचं ते मणी भरायच्या आधी, तेही अगदी कमी, आणि दोन दिवस मुरू द्यायचं. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर सावलीत, उन्हात नाही.

प्रश्न : आमच्या नाक्यावर एक मोची काका बसतात, त्यांचा हात बघत राहावं असा आहे. त्यांच्याकडे शिकायला जावं असं वाटतं पण घरचे म्हणतात लोक काय म्हणतील, त्यापेक्षा ऑनलाईन कोर्स कर. तुम्हाला काय वाटतं?
— वाडी, बडोदा

उत्तर : जा. उद्याच जा.

मला हा प्रश्न या सगळ्या पत्रांत सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चामड्याचं काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं त्यांना आपल्या समाजाने लांब ठेवलं, त्यांच्या हाताचं पायात घातलं, मोटेला, ढोलाला, घोड्याच्या खोगिराला वापरलं, पण शेजारी बसवलं नाही. संत रोहिदासांचं नाव घेतो आणि त्यांच्या कामाला हात लावायला लाजतो, हे आता तरी बंद व्हायला हवं. आज तेच काम शोरूममधे 'हँडक्राफ्टेड' म्हणून महाग मिळतं, पण तो पैसा नाक्यावरच्या माणसापर्यंत क्वचितच येतो.

काकांना आधी विचारा, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. फी ठरवा, आणि कोर्सला जेवढी दिली असती तेवढी द्या, चहा पाजून मोफत शिकून येऊ नका. त्यांच्या शेजारी खालीच बसा. रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, कशी धरायची, ती दगडावर कशी लावायची, कड तासून पातळ कशी करायची, आरी किती तिरपी घालायची, दोऱ्याला पीळ देऊन मेण कसं लावायचं, हे व्हिडिओत दिसतं पण हाताला कळत नाही, तिथे कुणीतरी आपला अंगठा धरून जरासा वळवावा लागतो. मणी त्यांना येत नसतील, तुम्हाला येतात, ते तुम्ही दाखवा. आणि पुढे बटवे विकलेत तर सोबतच्या कार्डावर, त्यांची परवानगी घेऊन, शिकवणाऱ्याचं नाव छापा.

छोटा उदेपूरकडे तेजगढला आदिवासी अकादमीचं 'वाचा' म्युझियम आहे, एखाद्या रविवारी जाऊन या, आधी चालू आहे का विचारून. कमाटीबागेतलं आपलं म्युझियम लहानपणी बघितलंय म्हणून सोडू नका, आता शिवण आणि टाके बघायला म्हणून जा, वेगळंच दिसेल.

प्रश्न : वय ६८. डोळ्याला दोरा ओवणं होत नाही. मी हे सुरू करू का?
— सुलतानपुरा, बडोदा

उत्तर : करा ना काकू. ८ नंबरचे मणी घ्या, मखमलीच्या गडद तुकड्यावर पसरा म्हणजे घरंगळत नाहीत आणि भोकही दिसतं. सकाळच्या उजेडात खिडकीशी बसा, उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डाव्या बाजूने. आणि नातीकडून दहा-बारा सुयांत एकदमच दोरे ओवून, मेण लावून, उशीत टोचून ठेवून घ्या, मग दिवसभर कुणाला हाक मारायला नको.